इंद्रिय आणि गोलक

विंडोज एक्सपी असलेली हार्ड डिस्क जुन्या कॉम्प्युटरमधून काढून नव्या मशीनला जोडली की बहुतेक वेळा एकच प्रकार घडतो. काळ्या पडद्यावर एक्सपीचं चिन्ह येतं, खालची पट्टी क्षणभर सरकते आणि मग सगळा पडदा निळा होतो. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक लांबलचक क्रमांक, शेवट ७बी. अर्थ असा, की ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं ती डिस्कच सापडत नाही.

दुकानातल्या मुलानं मला हा अर्थ सांगितला तेव्हा मी त्याला विचारलं, की डिस्क सापडत नसेल तर हे चिन्ह, ही पट्टी, हा निळा पडदा कुठून आला? तोही त्याच डिस्कवरून आला ना? तो म्हणाला, "मॅडम, सुरुवातीला बायोस वाचून देतो. कर्नल मेमरीत आला की पुढचं तो स्वतःच्या ड्रायव्हरनं वाचायला जातो. आणि ह्या कंट्रोलरचा ड्रायव्हर त्याच्याकडे नाहीच."

एक्सपी बाजारात आलं २००१ साली. डिस्कशी बोलण्याची एएचसीआय नावाची पद्धत नंतर रूढ झाली, आणि एक्सपीच्या सीडीत तिचा ड्रायव्हर नाही. म्हणजे ज्या डिस्कवरून कर्नल क्षणापूर्वी उठून आला, तीच डिस्क त्याला दिसत नाही. डिस्क धडधाकट असते, कर्नलही धडधाकट असतो. मी वेदान्त शिकले आणि शिकवते, पण 'आपल्याच अधिष्ठानाचं अज्ञान' इतकं नेमकं माझ्यासमोर कधी कोणी मांडलं नव्हतं.

ही सगळी खटपट माझ्या गुरुजींच्या फायलींसाठी चालली होती. ब्रह्मसूत्रांच्या शांकरभाष्यावर त्यांनी मराठीत सविस्तर विवरण लिहिलं होतं, सांगलीतल्या आपल्या घरी, स्वतःच्या हातानं टाइप करून. ते गेले, त्यानंतर त्यांच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्डही गेला. काकूंनी सीपीयू माझ्या हवाली केला आणि म्हणाल्या, "बघ गं, यातलं काही निघतंय का." फायली निघाल्या, पण वाचता येईनात. युनिकोड घरोघर पोचण्याआधीच्या मराठी फॉन्टांत अक्षर साठवलंच जात नसे. साठवले जात अक्षराचे तुकडे: दंड वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा, आणि प्रत्येक तुकडा एखाद्या इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी बसवलेला. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून फाइलमध्येही ती व्यंजनाच्या आधी. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. तो फॉन्ट नसेल तर शंकराचार्यांचा अध्यासविचार आजच्या मशीनवर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची रास होऊन समोर येतो. आणि ते फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगल लावल्याशिवाय उघडत नव्हतं. डोंगल पॅरलल पोर्टचा. म्हणून त्या मुलानं पॅरलल पोर्ट असलेलं, पण गुरुजींच्या मशीनपेक्षा बरंच नवं असं एक मशीन कुठून तरी मिळवलं, आणि आम्ही त्यावर एक्सपी टाकायला बसलो.

हार्डवेअर म्हणजे शरीर आणि सॉफ्टवेअर म्हणजे आत्मा, हा दृष्टान्त आता प्रवचनांतून सर्रास ऐकू येतो. मला तो मान्य नाही, आणि त्याला विरोध करणं मी माझं काम समजते. सांख्य आणि वेदान्त दोन्हींच्या मते मन आणि बुद्धी जड आहेत. वेदान्तसारात सूक्ष्म शरीराचे सतरा अवयव सांगितले आहेत: पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी. स्थूल देह पडल्यावर पुढं जातं ते हे सतरा अवयवांचं शरीर, आणि तेही जडच. सॉफ्टवेअरशी ताडून पाहायचंच असेल तर ते या शरीराशी. आत्म्याशी नव्हे. आत्मा साक्षी आहे, आणि निळा पडदा आला तेव्हा त्या मशीनमध्ये तो पडदा पाहणारं कोणीही नव्हतं. पाहत होतो आम्ही दोघं.

एवढी मर्यादा घातली की मग तो दृष्टान्त खरोखर उपयोगी पडतो. आपल्या शास्त्रांत इंद्रिय आणि गोलक यांत भेद केला आहे. डोळ्याची बाहुली हे गोलक, म्हणजे स्थान. पाहण्याची शक्ती हे इंद्रिय, आणि ते सूक्ष्म शरीराचा भाग. वर्गात हा भेद शिकवताना मुलांच्या चेहऱ्यावर मला नेहमी शंका दिसते: गोलक गेलं की इंद्रिय गेलंच ना, मग दोन कशाला मानायची? त्या दिवसापासून मी त्यांना ७बी सांगते. डिस्कचा कंट्रोलर हे गोलक, ड्रायव्हर ही त्याला चालवणारी शक्ती. गोलक शाबूत असून इंद्रिय नसेल तरी आंधळेपणा, इंद्रिय शाबूत असून गोलक नसेल तरी आंधळेपणा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. उपाय मात्र सर्वस्वी वेगळे.

आणि हा भेद मला वर्गापुरता उरलेला नाही. गुरुजींना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. घोटभर पाणी मागायचं तर त्यांना 'पाणी' हा शब्द सापडत नसे. ओठ हलत, भलताच उच्चार बाहेर येई, तो भलता आहे हे त्यांना कळे आणि डोळे भरून येत. पण संध्याकाळी कोणी शांतिमंत्र म्हणायला घेतला की ते बरोबरीनं अखेरपर्यंत म्हणत, शब्द न शब्द. एखाद्या विद्यार्थ्यानं अनुस्वार गाळला की डावा हात उचलून त्याला थांबवत. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं, की मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की असं होतं, आणि पाठ असलेलं, तालासुरातलं बोलणं पुष्कळदा टिकून राहतं. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी १८६१ साली अशाच एका वाचा गेलेल्या रोग्याच्या मेंदूत डाव्या बाजूची जखम दाखवली होती.

ग्रंथांत वाणीचं स्थान मुखात सांगितलं आहे. गुरुजींचं मुख शाबूत होतं. मंत्र त्याच मुखातून येत होता. तेव्हा गोलकांची यादी मेंदूपर्यंत न्यायला हवी, असं माझं मत झालं आहे. यानं शास्त्र लहान होत नाही. इंद्रिय आणि स्थान वेगळं, हे त्याचं मूळ म्हणणं उलट अधिक घट्ट होतं.

चार्वाक इथं म्हणेल, आणि त्याचं म्हणणं टाळून पुढं जाणं मला अप्रामाणिक वाटतं: मेंदूला जखम झाली, वाचा गेली. मेंदू सगळाच गेला, सगळंच गेलं. देह आहे तोवर जाणीव आहे, देह नाही तर नाही, मग वेगळा जाणणारा कशाला हवा? ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात नेमका हाच पूर्वपक्ष आहे. शंकराचार्यांच्या उत्तरातला एक भाग दिव्याचा आहे. दिवा असला की दिसतं, नसला की दिसत नाही, म्हणून पाहणं हा काही दिव्याचा धर्म ठरत नाही. दिवा उपकरण आहे, देहही तसाच. मला या युक्तिवादाचं बळ कळतं आणि त्याची सीमाही कळते. देहाशिवाय जाणीव असते, हे तो सिद्ध करत नाही. 'देह नसताना दिसत नाही, म्हणून जाणीव देहाचीच' ही उडी तेवढी तो रोखतो. पण रोग्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला ती उडी रोखली जाणं फार मोठं असतं. खोलीत येणारे लोक गुरुजींसमोरच म्हणत, "आता काही कळत नाही हो त्यांना." ती उडी तिथं रोज मारली जात होती.

एक्सपी शेवटी चढलं. सीडीवरून टाकताना आधी हार्ड डिस्कच सापडत नाही असा निरोप आला. त्यावर मुलानं बायोसमध्ये जाऊन डिस्कची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर आणली. तशी सोय त्या मशीनमध्ये होती. पुष्कळ नव्या मशीनमध्ये नसते, मग सीडीत ड्रायव्हर आधीच मिसळून घ्यावा लागतो, किंवा सुरुवातीला एफ६ दाबून फ्लॉपीवरून द्यावा लागतो. इथं नव्या देहानंच जुन्या इंद्रियाला ओळखू येईल असं रूप घेतलं. पडद्यावर चित्रं मोठी आणि जाड दिसत होती, आवाज नव्हता, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी प्रश्नचिन्हं रांगेनं उभी होती. तरी एक्सपी उठून बसलं होतं.

त्या सीडीत शेकडो उपकरणांचे ड्रायव्हर आहेत, आणि या मशीनवर त्यांतले मोजकेच जागे झाले. पतंजलींच्या कैवल्यपादातलं वासनांचं सूत्र मला इथं आठवलं. जो देह मिळाला त्याला अनुरूप अशाच वासना प्रकट होतात, बाकीच्या नाहीशा होत नाहीत, पडून राहतात. जन्म, देश, काळ मध्ये आले तरी त्यांचा धागा तुटत नाही, असंही पुढचं सूत्र सांगतं. गुरुजींच्या आजारात मी या दोन सूत्रांकडे वळले नव्हते, ती केवळ पुनर्जन्माविषयीची आहेत असं धरून चालले होते. आता मला ती एकाच जन्मातल्या झटक्यालाही लागू वाटतात. देह एका रात्रीत बदलू शकतो. जे प्रकट होत नाही ते नष्ट झालं, असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणूनच दहाव्याच्या दिवशी घाटावर गीतेतला जुन्या वस्त्रांचा श्लोक सांत्वन म्हणून सांगितला गेला, तेव्हा तो माझ्या मनात उतरला नाही. आत्म्याच्या बाजूनं तो खरा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वस्त्र बदललं म्हणून कोणाला दिसेनासं होत नाही, कोणाचे शब्द हरवत नाहीत. देहाला नुसतं वस्त्र म्हटलं की त्याची सेवा दुय्यम ठरते, आणि काकूंनी त्या खोलीत जे केलं ते दुय्यम नव्हतं. बोट धरून पाटीवर अक्षर गिरवून घेणं, चित्रं दाखवून 'हे हवं का, ते हवं का' विचारणं, उत्तरासाठी घाई न करता थांबणं. त्या एका अडलेल्या इंद्रियासाठी काकू दुसरं गोलक शोधत होत्या. मुलानं बायोसमध्ये जे केलं त्याच जातीचं, पण कितीतरी अवघड काम.

डोंगल लावल्यावर सॉफ्टवेअर उघडलं आणि फायली वाचता आल्या. आता त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर चालू आहे. रूपांतरात जोडाक्षरं बिघडतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, त्यामुळं ओळ न ओळ तपासावी लागते. देहात्मवादाच्या त्या अधिकरणावर गुरुजींनी तब्बल एक प्रकरण लिहिलं आहे. दिव्याचा दृष्टान्त पूर्ण निर्णायक आहे, असं ते त्यात ठामपणे म्हणतात. ते मला पटत नाही. त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं ठेवणार आहे, आणि खाली टीप म्हणून माझा आक्षेप लिहिणार आहे. वर्गात असताना त्यांनी मला हेच करायला लावलं असतं.