‘असतो’ आणि ‘असावा’

कायद्याची भाषा आज्ञेची असते. अमुक करू नये, तमुक केल्यास इतका दंड. शाळेच्या फलकावरचे नियमही त्याच जातीचे : गोंगाट करू नये, बाकांवर नावे कोरू नयेत. ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ या संस्थेचे नियम वाचताना मात्र व्याकरण शिकवणारा मास्तर थबकतो. स्काउट विश्वसनीय असतो. निष्ठावान असतो. सर्वांचा मित्र आणि प्रत्येक स्काउटचा बंधू असतो. विनयशील, प्राणिमात्रांचा मित्र, शिस्तप्रिय, धैर्यवान, काटकसरी असतो. मनाने, वाणीने व कृतीने शुद्ध असतो. नऊ नियम, आणि त्यांत एकही ‘नये’ नाही. इतकेच काय, ‘असावा’सुद्धा नाही. कावळा काळा असतो असे सांगावे, तसे हे सांगितले आहे.

आमच्या पथकातल्या आठवीच्या एका मुलाने मला विचारले, “सर, स्काउट विश्वसनीय असतो ना? मग खोटे बोलला, तर तो स्काउट नसतोच का?” प्रश्नात वात्रटपणा नव्हता. चोरी करणारा नागरिक चोर ठरतो, पण त्याचे नागरिकत्व जात नाही. इथे नियम मोडणारा नुसता अपराधी ठरत नाही, तो त्या व्याख्येतूनच बाहेर पडतो. म्हणजे वरवर सौम्य दिसणारा हा ‘असतो’ दंडसंहितेहून कठोर आहे.

बेडन-पॉवेल यांनी १९०८ साली नियम प्रथम छापले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तरही देऊन ठेवले होते. खोटे बोलणारा स्काउट उरत नाही. त्याने आपला बिल्ला परत द्यावा आणि तो पुन्हा कधी लावू नये. मेफकिंगच्या वेढ्यात नाव कमावलेल्या सेनाधिकाऱ्याला हे शोभले. आपल्या आजच्या नियमांत ते वाक्य नाही, आणि नाही तेच बरे. एका असत्यापायी बारा वर्षांच्या पोराला कायमचे बाहेर काढले, तर उरलेली पोरे खरे बोलायला शिकत नाहीत, लपवायला शिकतात. त्याच मूळ यादीत निष्ठा कोणाशी, हेही मोजून सांगितले होते : राजा, अधिकारी, देश आणि नोकरीतला धनी. आपल्या नियमात नुसता ‘निष्ठावान’ राहिला आहे. धन्याचे नाव गळाले याचे मला, नोकरदार माणसाला, फारसे दुःख नाही.

पण या ‘असतो’मध्ये एक गुण आहे. आज्ञा ज्याला दिली त्याच्यावर चालते. वर्णन, ज्याने केले त्याच्यावरही उलटते. दुसरा कोणत्याही सामाजिक वर्गाचा असो, स्काउट त्याचा बंधू असतो, असे साहेबांनी लिहिले, आणि उदाहरण दिले ते किपलिंगच्या किमचे, लाहोरच्या गल्ल्यांत वाढलेल्या पोराचे. हिंदुस्थानात १९०९ पासून पथके निघाली, ती मात्र युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. लाहोरच्या खऱ्याखुऱ्या हिंदी पोराला दार बंद ! ‘बंधुभावाने वागावे’ एवढेच लिहिले असते, तर ‘वागू हळूहळू’ असे म्हणून वेळ मारून नेता आली असती. ‘बंधू असतो’ म्हटल्यावर ते वाक्य उघड खोटे ठरत होते. १९१६ मध्ये अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासेत आणि १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत आपापली पथके उभारली. तत्त्व झिडकारायचे सोडून त्यांनी ते खरे करायला घेतले. वेगळे वाहणारे हे प्रवाह एक व्हायला १९५० चा ७ नोव्हेंबर उजाडावा लागला.

त्या मुलाला मी नियमांकडून प्रतिज्ञेकडे नेले. नियम ‘असतो’ म्हणतात. प्रतिज्ञेत ‘यथाशक्ती’ असा एक शब्द आहे. नियमाने बंद केलेले दार या शब्दाने किलकिले राहते. परंतु ‘यथाशक्ती’ आपल्या चांगला ओळखीचा आहे. गणपतीची वर्गणी यथाशक्ती म्हटली, की तीन मजली घराचा मालक सर्वांत लहान आकडा घालतो. शक्ती मोजायची कोणी? पोलिसाला ती मोजता येत नाही, मास्तरालाही नाही. ज्याची त्यानेच मोजायची, आणि माप खरे सांगायचे. विश्वसनीयतेचा नियम पहिला का, हे इथे कळते. तो ढळला, की उरलेल्या आठांना तपासनीस लागतो.

आणि तपासनीस आम्ही नेमलेलाच आहे. रोज एक सत्कृत्य करायचे आणि वहीत लिहायचे, अशी आमच्या पथकाची रीत. आठवड्याने वही माझ्या टेबलावर येते. बहुतेक पाने भरगच्च असतात. आजीबाईंना रस्ता ओलांडून दिला, हे इतक्या वह्यांत येते की गावात तेवढ्या आजीबाई आहेत का, अशी शंका यावी. त्या आठवीच्या मुलाने गेल्या आठवड्यात मंगळवार आणि गुरुवार कोरे ठेवले. गुरुवारच्या रकान्यात पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलेले होते. वही पुढे करून तो उभा राहिला. त्याच्या शेजारच्या मुलाने हळूच म्हटले, “अरे, लिही ना काहीतरी. सर बघत थोडेच होते?”

मी सातही दिवसांखाली सही केली.