विटाळ कशाचा?

गोरेगावसारख्या उपनगरात एखादी माउली प्रसूतिगृहातून रिकाम्या हातांनी घरी परतते, तेव्हा घरातले बोलणे आखडते आणि कुजबुज वाढते. ‘हिचाच पायगुण’, ‘ग्रहण पाळले नाही’ असे शब्द तिच्या कानी येतात.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी स्त्रीदेहाचा विटाळ मानला नाही, हे लीळाचरित्राच्या वाचकांस ठाऊक आहे. मग जिच्या कुशीतच बाळ गेले, तिला अपशकुनी ठरविण्याचा अधिकार अनुयायास कोठून आला?

अठ्ठावीस आठवड्यांनंतर मृत जन्मलेली बाळे २०२१ साली जगात सुमारे १९ लाख होती. उच्च रक्तदाब, मधुमेह, जंतुसंसर्ग, वारेतील बिघाड ही त्याची काही कारणे होत; कित्येकदा कारण सापडतही नाही. यांत पायगुण कोठेच नाही. नियमित तपासणी, अखेरच्या तीन महिन्यांत कुशीवर निजणे आणि बाळाची हालचाल मंदावताच, उद्यावर न ढकलता, रुग्णालय गाठणे यांनी काही जीव वाचतात. हे सासूने सुनेस सांगणे हाही दयाधर्मच होय.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मृत जन्माचीही नोंद आहे. सरकारदप्तरी ज्याची नोंद होते, त्याचा उच्चारही घरात होऊ नये, हा कोणता न्याय?

जीव नित्य आहे, हे खरेच. परंतु हे ज्ञान रडत्या आईस गप्प करण्यासाठी नव्हे. आधी तिच्याजवळ बसावे, बाळाविषयी तिचे बोलणे ऐकावे, बापाच्याही अश्रूंस वाट द्यावी. मग तिच्यासह नामस्मरण करावे.

दंडवत प्रणाम.