‘व इतर’

रूळ नसलेला आगगाडीचा रस्ता मी गेल्या मे महिन्यात प्रथमच पाहिला. मुलीकडे अमेरिकेत, युटा राज्यात गेलो होतो. जावयाला आडवाटांनी गाडी हाकण्याचा भारी नाद. एका शनिवारी भल्या पहाटे त्याने दोन जादा चाके, पेट्रोलचा डबा आणि पाण्याचे चार कॅन गाडीत टाकले. मुलीने धपाटे आणि लसणाची चटणी बांधून घेतली, आणि नऊ वर्षांच्या ईशानला घेऊन आम्ही निघालो. वाटेत पुढे नव्वद मैल ना पाणी, ना पेट्रोल, ना चहाची टपरी. चहाची टपरी नसलेला रस्ता आपल्या मराठी मनाला रस्ताच वाटत नाही, ही गोष्ट वेगळी!

प्रॉमॉन्टरी नावाच्या माळावर हा रस्ता सुरू होतो. पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारे दोन लोहमार्ग १० मे १८६९ रोजी येथे एकमेकांना मिळाले, आणि अमेरिकेचे दोन किनारे जोडले गेले. त्या वेळी सोन्याचा खिळा बसवण्याचा समारंभ झाला. तो खिळा लगेच काढूनही घेतला. आज तो एका विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. पुढे १९०४ साली सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरावरूनच जवळचा मार्ग निघाला आणि या जुन्या मार्गाची रया गेली. १९४२ साली युद्धासाठी लोखंड हवे म्हणून रूळही उखडून नेले. राहिला तो मातीचा भराव, आणि त्याखालच्या ओढ्यानाल्यांवरच्या दगडी मोऱ्या आणि लाकडी पूल. पूल आता गाडीचा भार सोसत नाहीत. पूल आला की भरावावरून खाली उतरायचे, कोरड्या नाल्यातून पलीकडे जायचे आणि पुन्हा वर चढायचे. डाव्या हाताला दूरवर मिठाची पांढरी पट्टी चकाकत असते. बाकी सगळीकडे राखी रंगाची खुरटी झुडपे आणि वारा.

सुरुवातीलाच एक पाटी लागते. २८ एप्रिल १८६९ या एका दिवसात येथे दहा मैल रूळ टाकले, असे ती सांगते. जावयाने ईशानला त्या दिवसाची कथा सांगितली. त्या दिवशी तीन हजार पाचशेवर रूळ उचलून जागेवर ठेवणारे मजूर आठ होते, सगळे आयर्लंडचे, आणि त्या आठांची नावे इतिहासात नोंदलेली आहेत.

“आणि बाकीच्यांची?” ईशानने विचारले.

“बाकीचे पुष्कळ होते रे. हजारो. बहुतेक चिनी.”

“त्यांची नावं?”

“लिहून नाही ठेवली कुणी.”

मुलाचे समाधान झाले नाही, हे त्याच्या तोंडावरून दिसत होते. पण तेवढ्यात एक हरणासारखे जनावर पळत गेले आणि विषय तेवढ्यावरच राहिला.

दुपारी बाराच्या सुमारास मागचे चाक बसले. पाहतो तो रबरात एक गंजका, चौकोनी, बोटभर जाडीचा खिळा रुतलेला! रुळाचा खिळा. रूळ गेले तरी खिळे मातीत राहिले आहेत. जावई जॅक लावू लागला, मी तो खिळा हातात घेऊन बसलो. माझ्यासारख्या जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला त्या खिळ्याचे वजन चांगलेच जाणवले. कुणीतरी हातोडा मारून तो ठोकला होता. त्याच्या कामावरून आज आमची गाडी चालत होती.

“या माणसांचे आपण काही देणे लागतो का?” मी सहज म्हणालो.

जावई हिशेबी माणूस. तो म्हणाला, “बाबा, त्यांना पगार मिळाला होता ना? काम केलं, दाम घेतलं. हिशेब तिथंच संपला.”

उत्तर सोपे होते, आणि पुष्कळ अंशी खरेही. पण हिशेब तरी संपला होता का? या मार्गाच्या पश्चिमेकडील कंपनीत गोऱ्या मजुरांना पगाराशिवाय जेवणखाण मिळे. चिनी मजुरांना ते आपल्या पगारातून करावे लागे. जून १८६७ मध्ये सिएरा नेवाडाच्या डोंगरात हजारो चिनी मजुरांनी काम थांबवले. गोऱ्यांइतके वेतन आणि कमी तास, एवढेच त्यांचे मागणे होते. कंपनीने त्यांचा शिधा बंद केला. आठवडाभरात ते कामावर परतले. काम पुरे झाल्यावर, १८८२ साली, चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी करणारा कायदाच झाला; तो १९४३ साली उठला.

तरी समजा, दमडी न् दमडी चुकती झाली असती, तर? माझा प्रश्न संपला असता का? नसता. कारण माझ्या डोक्यात कंपनीच्या पगारपत्रकाची गोष्ट घोळत होती. त्या पत्रकांवर चिनी मजुरांच्या टोळीच्या मुकादमाचे नाव असे. टोळीतल्या माणसांची फक्त संख्या.

ही लिहिण्याची रीत मला ठाऊक आहे. मी स्वतः तसे लिहिले आहे.

तरुणपणी दोन वर्षे मी एका कालव्याच्या कामावर हजेरी कारकून होतो. रोज सकाळी टोळ्या मोजायच्या आणि लिहायचे : अमुक मुकादम व इतर चौदा. हाताला वळण चांगले होते. वरिष्ठ माझ्या अक्षराची तारीफ करत. अकरा वर्षांनी एक बाई मला शोधत आली. जुन्या मजुरांपैकी काहींना कायम करणार होते. आपण दोन वर्षे काम केले याचा कागद तिला हवा होता. मी जुनी मस्टरे काढली. पान उलटावे तिथे माझेच ते सुबक अक्षर : ‘व इतर’. मी तिला म्हणालो, तुमचे नाव कुठेच नाही.

ती रडली नाही, भांडली नाही. नुसती म्हणाली, “सायेब, तुमी तर मला रोज मोजीत व्हता.”

त्या वाक्याला मला आजवर उत्तर सुचलेले नाही. मी तिची मजुरी बुडवली नव्हती. कायद्याने मी निर्दोष होतो. पण मोजणे आणि ओळखणे यांत केवढे अंतर आहे, ते त्या दिवशी कळले. दगडाच्या ब्रासही मी मोजत होतो.

उन्हे कलताना आम्ही टेरेसला पोहोचलो. एके काळी येथे रेल्वेचा कारखाना होता, सोळा इंजिनांची शेड होती, ग्रंथालय होते, चिनी लोकांची वस्ती होती. आता विटांचे तुकडे, काचा आणि एक स्मशानभूमी. ईशानने मातीतून निळ्या नक्षीचा एक कपचा उचलला. एखाद्या भाताच्या वाटीचा असावा. तो हळूच खिशात घालू लागला.

“ठेव तो होता तिथं,” मुलगी म्हणाली. “इथलं काही न्यायचं नसतं. कायदा आहे.”

“पण हा कुणाचा आहे?”

“आपल्याला माहीत नाही.”

“मग परत कुणासाठी ठेवायचा?”

आम्ही तिघे मोठे एकमेकांकडे पाहत राहिलो. कायदा हे उत्तर होते, पण पुरे नव्हते. शेवटी मी म्हणालो, “धनी माहीत नाही म्हणून वस्तू बेवारशी होत नाही रे. त्यानं यात रोज भात खाल्ला असेल.” ईशानने थोडा विचार केला आणि कपचा होता तसा, नक्षी वर करून, ठेवला. जावयाने गाडीतला तो खिळाही आणून भरावाच्या कडेला ठेवला. त्याने तोंडाने काही म्हटले नाही.

परतताना मला आपला बोरघाट आठवला. १८५६ ते १८६३ या काळात तो मार्ग झाला. पंचवीस बोगदे. एका वेळी चाळीस हजारांवर माणसे तिथे राबत होती, आणि पटकीने, तापाने, सुरुंगाने हजारो मेली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल वारल्यावर त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम तडीस नेले. तिचे नाव राहिले, आणि राहावे असेच ते आहे. पण मी आयुष्यात शेकडो वेळा तो घाट उतरलो, खिडकीतून चिक्की घेतली, आणि बोगदा कुणी खणला हे एकदाही मनात आले नाही. ते मनात यायला मला सातासमुद्रापार पंक्चर व्हावे लागले!

गेलेल्या अनामिकांचे ऋण फेडता येत नाही, हे खरे. त्यांच्यासाठी उसासा टाकणे तर फारच स्वस्त. त्याने आपलेच मन हलके होते. मग त्या ऋणाचे करायचे काय? मला आता असे वाटते, की मेलेल्यांचे देणे जिवंत माणसांच्या खात्यावर भरावे. आणि ते भरायला वाळवंटात जावे लागत नाही.

आमच्या सोसायटीत दिवाळीच्या पोस्तची यादी गेली सहा वर्षे मीच करतो. तिच्यात अखेरची ओळ ठरलेली : ‘झाडलोट व इतर’. यंदा यादी करायला बसलो आणि हात थांबला. वही घेऊन खाली गेलो. जिना झाडणाऱ्या बाईंना म्हटले, “बाई, तुमचं पूर्ण नाव सांगता का?”

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, पदर सारखा केला, आणि घाबऱ्या आवाजात विचारले, “का वो साहेब? काय तक्रार आली का माझी?”