नागसेनांना एक उपप्रश्न

प्रव्रजितांना शरीर प्रिय असतं का, असं मिलिंद राजा नागसेनांना विचारतो. नागसेन म्हणतात, नाही. मग तुम्ही त्याला खाऊपिऊ का घालता, इतकं जपता का? राजा बेरकी आहे, समोरच्याला कोपऱ्यात गाठल्याशिवाय सोडत नाही. नागसेन उलट त्यालाच विचारतात: महाराज, लढाईत कधी बाण लागलाय? लागलाय. जखमेवर लेप दिला, तेल लावलं, मऊ कापडाची पट्टी बांधली? बांधली. म्हणजे ती जखम तुम्हाला प्रिय होती? राजा म्हणतो, छे, मांस भरून यावं म्हणून केलं ते सगळं. शरीराचंही तसंच, नागसेन म्हणतात. जखमेसारखं जपायचं, लळा लावून घ्यायचा नाही.

हा संवाद ज्यात आहे तो ‘मिलिंदपञ्ह’ मी पुष्कळ वर्षं शिकवला, आणि तोही या शहरात, जिथे बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचं नाव आहे आणि ते ज्या परिसरात उभं आहे त्याला नागसेनवन म्हणतात. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला, उत्तर देणाऱ्याचं नाव परिसराला. ही वाटणी मला फार आवडते. पण जखमेचा हा दृष्टान्त डाव्या मनगटाला पट्टा बांधलेला असताना वाचला, तेव्हा तो पूर्वीइतका सरळ वाटेना.

निवृत्तीनंतर मुलाने टॅब घेऊन दिला. एका ओळखीच्या अभ्यासकांनी देवनागरीत टंकलेले पालि मजकूर तपासायचं काम दिलं, तेही टॅबवरच. सिडकोतल्या आमच्या गॅलरीत आरामखुर्चीत बसून मी ते करत असे. डाव्या हाताने टॅबचा कोपरा धरलेला, अंगठा पुढून, चार बोटं मागून, कव्हरसकट पाऊण किलोच्या आसपासचं वजन त्या अंगठ्याच्या बुडावर. उजव्या हाताचं बोट अनुस्वार दुरुस्त करत फिरतंय. आणि खरं सांगायचं तर तपासणी दुपारीच संपायची. रात्री अकरानंतर जे चालायचं त्यात पालि काही नव्हतं. रांगोळीचे व्हिडिओ, जुनी नाट्यगीतं, कोणीतरी पुरणपोळी लाटतंय, कोणीतरी हिमालयात चालतंय.

आधी नुसती कळ यायची. मग कुकरचं झाकण फिरवताना जीव जायला लागला. दुधाची पिशवी उचलायला उजवा हात पुढे करावा लागे. डॉक्टरांनी अंगठा मुठीत घालायला सांगितला, त्यावर चार बोटं मिटायला लावली आणि ती मूठ करंगळीच्या बाजूला वाकवली. मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरच्या बाकावरचं बोलणं थांबलं. फ्रिट्झ द कर्व्हें या स्विस सर्जनने १८९५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून त्याचंच नाव त्याला. अंगठा हलवणाऱ्या दोन शिरा मनगटाच्या कडेला एका अरुंद आवरणातून जातात. सतत ताण पडला की ते आवरण जाड होतं आणि आतली ये-जा अडते. शिरा म्हणजे रक्ताच्या नव्हेत, स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या. तान्हं मूल सारखं उचलणाऱ्या आयांना हे होतं, आणि जुन्या काळी इंग्रजीत याला धोबिणीची लचक म्हणत, असंही डॉक्टर म्हणाले. पट्टा बांधा, शेका, काही आठवडे अंगठ्याला काम देऊ नका.

शेजारच्या वहिनी पैठणला नाथषष्ठी न चुकवणाऱ्या. रोज संध्याकाळी गॅलरीतून विचारतात, “मॅडम, अजून दुखायलंय का?” आणि माझं उत्तर यायच्या आत, “प्रारब्धाचं देणं असतंय हो ते. भोगूनच सरतंय.” हे त्या टोचायला म्हणत नाहीत. त्यांच्या गुडघ्यांनाही त्या हेच सांगतात. आणि त्यांच्यामागे भक्कम परंपरा आहे. प्रारब्ध म्हणजे धनुष्यातून सुटलेला बाण, असं वेदान्ती सांगत आले. ज्ञान झालं तरी सुटलेला बाण मध्येच थांबत नाही, वेग संपेपर्यंत जातोच. मी वहिनींना म्हटलं, माझा बाण अजून भात्यातच आहे, मी रोज रात्री अकराला तो नव्याने काढते. त्या हसल्या. पण माझं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ज्या दुःखाचं कारण आज, आत्ता, माझ्या हातात धरलेलं आहे, ते भोगून संपवायला निघणं याला मी सहनशीलता म्हणणार नाही. बुद्धाने दुःखानंतर लगेच त्याचं कारण सांगितलं, ते याचसाठी ना?

बाण आमच्याकडेही आहेत म्हणा. संयुत्तनिकायात दोन बाणांचं सुत्त आहे: शरीराला लागलेला पहिला, त्यावर मनाने केलेला शोक हा दुसरा. शहाण्या माणसाला पहिलाच लागतो. हल्ली कुठल्याही शिबिरात, कुठल्याही प्रवचनात हे दोन बाण निघतातच, आणि मला त्याचा थोडा राग येऊ लागलाय. सुत्ताचा नव्हे, ते अचूक आहे. रात्री मनगट ठणकत असताना आता आपलं लिहिणं-वाचणं संपलं हा जो कढ येतो, तो ठणक्यापेक्षा जास्त दुखतो, हे मी स्वतः पाहिलंय. राग याचा की दुखणाऱ्याला फक्त दुसऱ्या बाणाबद्दल सांगितलं जातं. पहिला कोण मारतंय, का मारतंय, तो चुकवता येईल का, यावर सगळे गप्प.

स्वतः बुद्ध पहिल्या बाणाच्या बाबतीत किती साधेपणाने वागत! कपिलवस्तूला शाक्यांनी नवं सभागृह बांधलं, बुद्धांनी तिथे रात्री उशिरापर्यंत उपदेश केला, आणि मग आनंदाला सांगितलं की पुढचं तू सांग, माझी पाठ दुखतेय, मी जरा पडतो. संघाटीची चौघडी घालून उजव्या कुशीवर आडवे झाले. मज्झिमनिकायात हे आहे. दीघनिकायात असाच प्रसंग पावा नगरीत घडतो आणि उपदेश सारिपुत्तांवर सोपवला जातो. पाठदुखीवर त्यांनी कुठला सिद्धान्त मांडला नाही, ती लपवलीही नाही. ज्यांनी सहा वर्षं शरीराला छळून पाहिलं आणि तो मार्ग सोडला, त्यांना दुखणं सोसून दाखवण्यात काही मिळवायचं उरलं नव्हतं.

म्हणजे मग पट्टा बांधावा, टॅब ठेवून द्यावा, झालं. हे माझ्या विद्यार्थ्यांनाही कळेल. गंमत अशी की दुखणं मला सोसवत होतं, पण टॅब ठेवून देणं सोसवत नव्हतं. डाव्या हाताला बंदी आल्यावर तो उजव्यात आला. उजव्या मनगटाने कुरकुर सुरू केल्यावर मी तो पोटावर ठेवून, गुडघे वर करून, मान मोडून पाहू लागले.

याच्यासाठीही सुत्त आहे. हिमालयात शिकारी माकडांच्या वाटेवर चिकट लेप लावून ठेवतात. शहाणी माकडं लांबून जातात. एखादं हावरट माकड हात लावतं, हात चिकटतो. तो सोडवायला दुसरा हात लावतं, तोही चिकटतो. मग एक पाय, मग दुसरा, शेवटी तोंड. पाच ठिकाणी अडकलेलं ते माकड शिकारी येईपर्यंत कण्हत पडून राहतं. माकडाला लोभ होता हे खरं, पण त्याला अडकवलं ते सुटण्यासाठी केलेल्या प्रत्येक उपायाने. याच गोष्टीचा नायक मला पुढे इटलीत भेटला. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कामकऱ्यांच्या रोगांवर १७०० साली ग्रंथ लिहिला, त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांचे आजार आहेत. कारणं तीन: सतत बसणं, हात एकाच दिशेने अखंड चालवणं आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तिथे त्याच्या परिचयाचा एक लेखनिक येतो. उजवा हात लिहून लिहून निकामी झाला, तेव्हा त्याने डाव्या हाताने लिहायचा सराव केला. थोड्याच काळात डाव्यालाही तेच झालं.

पण लेखनिक आणि माकड एक नव्हेत, हे इथेच सांगायला हवं. लेखनिकाचं पोट त्या हातावर होतं. दुपारची मी लेखनिक असेन, रात्री अकरानंतरची मी माकड. मनगटाला हा फरक कळत नाही. तो मलाच करावा लागतो, आणि धर्माचं काम जर कुठे सुरू होत असेल तर माझ्या मते तिथे.

आपल्याकडच्या लेखनिकांनी तक्रार केली, पण फार अदबीने. हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी एक ठरीव श्लोक सापडतो: पाठ, कंबर, मान मोडून, खाली डोकं घालून मोठ्या कष्टाने हे लिहिलंय, जिवापाड जपा. काही पाठांत मूठ आवळून असंही आहे, म्हणजे हाताचा उल्लेख तेवढा आला. जपायचं पुस्तक, लिहिणाऱ्याचं मनगट नव्हे. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वर सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. नऊ हजार ओव्या. त्या हाताला काय झालं, याची विचारपूस कोणी करून ठेवलेली नाही.

वाचणाऱ्यांनी मात्र आपली सोय बरोबर लावून घेतली होती. कोणत्याही धर्माचा ग्रंथ पाहा, तो तासन्‌तास हातात धरून वाचायचा नसतोच. वहिनींचं एकनाथी भागवत लाकडी स्टँडवर उघडतं. कुराण रेहलवर. गुरुग्रंथसाहेब तर गादीवर विराजमान. आदर म्हणून ग्रंथ उंचावर ठेवला, आणि त्याबरोबर मनगटाची सुटका आपोआप झाली. मी शहागंजच्या बाजारातून एक रेहल आणली, शिसवी, कोरीव, घडी होणारी. दुकानदाराने विचारलं, “कुरआन शरीफ के लिए?” मी म्हटलं, पालिसाठी. त्याने मान डोलावली आणि पाच रुपये कमी केले. त्यावर टॅब छान टेकतो. शिवाय रेहल काही अंथरुणात नेता येत नाही, त्यामुळे रांगोळीचे व्हिडिओ आपोआप कमी झाले. त्यात माझ्या वैराग्याचा वाटा थोडा, लाकडाचा जास्त.

इथे माझ्यापुरता विषय संपला असता. पण धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी एकदा माझा पट्टा निरखून पाहिला आणि स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं. “मला बी हितंच दुखतंय. पिळे घालताना तर डोळ्यांपुढं काजवे चमकत्यात.” मी त्यांना अंगठा मुठीत घालायला सांगितला, मूठ हळूच खाली वाकवली. त्या ओरडल्या नाहीत. दातांतून हवा आत ओढली आणि हात काढून घेतला. पाच घरची धुणी. चादरी, जीनच्या पँटी, पडदे. धोबिणीची लचक हे नाव डॉक्टरांनी मला एक गंमत म्हणून सांगितलं होतं. मावशींनी विचारलं ते एवढंच, की पट्टा केवढ्याला मिळतो आणि ओला झाला तर चालतो का.

वेरुळच्या दहाव्या लेण्यात स्तूपाला टेकून, पाय खाली सोडून बसलेला अकरा फुटी बुद्ध आहे. छताला दगडातच लाकडी फासळ्या कोरलेल्या, म्हणून लोकांच्या तोंडी ही सुताराची झोपडी आणि मूर्ती विश्वकर्म्याची. विद्यार्थ्यांना सहलीला नेल्यावर मी सांगत असे की ही धर्मचक्रप्रवर्तनाची मुद्रा, एका हाताने दुसऱ्या हाताचं बोट धरलंय ते उपदेशाची खूण म्हणून. जुन्या काळी पूजेला येणाऱ्या सुतारांची गोष्ट वेगळी होती: काम करताना विश्वकर्म्याच्या बोटाला लागलं, ते त्याने दाबून धरलंय. मूर्तिशास्त्राच्या दृष्टीने सुतार चुकले, यात शंका नाही. पण देवाच्या हाताकडे पाहून त्यांना आधी दुखापत दिसली, उपदेश दिसला नाही. ज्याचं बोट रोज पटाशीखाली असतं, त्याला दुसरं काय दिसणार?

म्हणून नागसेनांना माझा एक उपप्रश्न आहे. भंते, राजाची जखम बांधायला वैद्य होता आणि मांस भरून येईपर्यंत लढाई थांबवायची मुभा होती. तुमचं शरीर तुम्ही जखमेसारखं जपलंत, ते तुमच्या पात्रात पडलेल्या अन्नावर. ते रांधणाऱ्या, वाढणाऱ्या बाईचं मनगट दुखत असेल, तर तिनेही शरीराला जखमच समजायचं का? तिच्याकडे तर दुसरं भांडवल नाही. लळा न लावता जपा, हे तिला सांगण्याआधी तिला जपायला सवड कोणी द्यायची?

मिलिंदाने हे विचारलं नाही. तो राजा होता, त्याला सुचलं नसावं. नागसेनांना उत्तर सुचलं असतं, ते सहसा निरुत्तर होत नाहीत.

तूर्त मी चादरी आणि पडदे बाहेर धुवायला देते, मावशींच्या पगाराला हात न लावता. आमचं हे ठरत होतं तेव्हा वहिनी गॅलरीत होत्या. त्या म्हणाल्या, “मॅडम, पुण्य लागंल तुम्हाला.” मावशींनी भांडी पालथी घातली, पदराला हात पुसले आणि विचारलं, “आन् बाकीच्या चार घरच्या चादरींचं काय करायचं?”