सनईवाल्याचा अर्धा तास

अंकुशनगरच्या माणसाला बॉयलरबद्दल काही शिकवावं लागत नाही. तिथल्या समर्थ साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू व्हायचा तर आधी बॉयलर अग्निप्रदीपन होतं, वाफ धरते, मगच गव्हाणीत मोळी पडते. थंड कारखान्यात कोणी ऊस लोटत नाही. पण याच परिसरातल्या लग्नात सनईवाला टेम्पोतून उतरतो न उतरतो तोच हाक येते, 'चला, वाजवा, परण्या निघाला!' त्याच्या छातीला, ओठांना, हातातल्या लाकडाला आपण लोखंडाइतकीही सवड देत नाही. हा अन्याय आहे, आणि तो आपण दर लगीनसराईत करतो.

सनईच्या तोंडाशी दोन पातळ पात्यांची पत्ती असते. कोरडी पत्ती ताठ असते. फुंकली तर फुसफुसते नाहीतर चिरकते, जोर केला तर फाटते. म्हणून वादक ती आधी तोंडात धरून ओलावतो, मऊ पडली की बोटांनी हलकेच दाबून तिचं तोंड हवं तेवढंच उघडं ठेवतो. सनईला दोऱ्याने सुट्या पत्त्या आणि सुई लटकत असते ती याच कामासाठी. मग एकच सूर धरून लांबवायचा, पुन्हा धरायचा, लाकूड श्वासाने ऊबदार होईपर्यंत. ऊब आली की सूर थोडा चढतो. तोवर जोडीदाराच्या आधारसुराशी तो पक्का जुळत नाही. मार्गशीर्षातल्या पहाटे याला वेळ जास्त लागतो, आणि वैशाखात ओलावलेली पत्ती पाहता पाहता सुकते.

श्वासाचं तर आणखी अवघड. पत्तीच्या बारीक फटीतून हवा थोडीच जाते, त्यामुळे वापरलेली हवा छातीत कोंडून राहते. ती आधी सोडायची, मग नवी घ्यायची, ही सवय शांतपणे बसवावी लागते. घाईत वाजवणाऱ्याला गरगरतं ते यामुळे.

सनईच्याच कुळातला युरोपातला ओबो घ्या. त्याचा वादक पत्ती पाण्यात भिजवतो, लांब सुरांनी सुरुवात करतो, आणि अख्खा वाद्यवृंद त्याच्या एका सुराची वाट पाहून आपापली वाद्यं लावतो. तिथे थांबतात. इथे का थांबत नाहीत?

कारण सनई वाजवणारा आपल्याकडे बहुधा मातंग, कोरवी, घडशी अशा समाजातला. त्याचे सूर मंगल, पण तो स्वतः पंगतीच्या शेवटी, ही रीत अजून पुरती गेलेली नाही. ज्याला पिढ्यान् पिढ्या हुकमावर वाजवायला लावलं, त्याला तयारी लागते हे आपल्या ध्यानातच येत नाही. बिस्मिल्ला खाँ वाराणसीच्या बालाजी मंदिरात वर्षानुवर्षं रियाज करत होते. २००१ साली त्यांना भारतरत्न मिळालं, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. पुण्याच्या शंकरराव गायकवाडांनी सनई मैफलीच्या मंचावर नेली, त्याचाही आपल्याला अभिमान. मग मांडवातल्या वादकाच्या रियाजाचा मान कुठे गेला?

वादक बंधूंनाही एक कळकळीचं सांगणं आहे. गाडीत तंबाखूचा बार भरून तयारी होत नाही. तंबाखू तोंड सोलते आणि दम खाते. हंगाम नसताना पोरांना आणि पोरींनाही सोबत बसवा, लांब सूर धरायला लावा. पोरींच्या हाती सनई देण्यात कसलाही कमीपणा नाही.

कोणी म्हणेल, मुहूर्त टळतो. मानकरी आला नाही म्हणून अक्षता तासभर खोळंबतात, तेव्हा मुहूर्त कोणाला आठवत नाही. म्हणून सुपारी देतानाच बोलून घ्या: वेळेच्या अर्धा तास आधीचं बोलावणं, त्या अर्ध्या तासाचेही पैसे, आडोशाची एक खोली, पिण्याचं पाणी, आणि जेवण वऱ्हाडाच्याच पंगतीत.