बुजलेली चाकोरी

मॉर्मन पंथाच्या वसाहतकऱ्यांनीं १८८० च्या जानेवारींत अमेरिकेंतील युटाच्या कड्यांत खडक फोडून आपल्या गाड्या कोलोरॅडो नदीपर्यंत उतरविल्या. त्या खुणा हौशी प्रवासी आजही शोधीत फिरतात. आमच्या परभणीकडील काळी माती इतकी आठवण ठेवीत नाहीं. वैशाखांतली चाकोरी मृगाच्या पावसानें बुजते. गंगाखेडची जनाबाई लहानपणीं पंढरपुरास नामदेवांच्या घरीं गेली, असें परंपरा सांगते. पण कोणत्या वाटेनें, हें आतां कोण दाखविणार? मग ज्यांचा माग दगडावर राहिला, त्यांचेंच ऋण मानावयाचें काय? मला तर उलट शंका येते. खूण सांपडली, कीं मोटारींतून आलेला मनुष्यही गेलेल्यांच्या कष्टांचा भागीदार होऊन बसतो! गंगाखेडावरून पंढरीस निघालेल्या वारकऱ्याला खूण लागत नाहीं. तळपायाला फोड आले, म्हणजे तो जनीचें नांव घेतो.