वंशावळीत न लिहिलेले माहेर

मालवण किनाऱ्यावरील गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या परंपरागत व्यवस्थेत, घराण्याची आठवण मूळपुरुषापासून चालत येते. जमिनीची वहिवाट, देवळातील मान आणि भाऊबंदांचे हिस्से यांसाठी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, परंतु तिची वाट बापाकडून मुलाकडे जाणारी असल्यामुळे सुनेचे माहेर तिच्यात कोठेच येत नाही. मूल जन्मतः आजारी निघाले, की मात्र तेच माहेर एकाएकी आठवते आणि दोष तिकडूनच आला असे बोलले जाते. आनुवंशिकी, म्हणजे गुणधर्म पुढील पिढीत कसे उतरतात हे सांगणारे शास्त्र, या समजुतीला सरसकट आधार देत नाही.

थॅलेसेमियासारख्या विकारात पुरेसे हिमोग्लोबिन तयार होत नाही. या विकाराच्या गंभीर प्रकारात मुलाला सदोष जनुक आई आणि वडील अशा दोघांकडूनही मिळालेले असते. एकच सदोष जनुक असलेली व्यक्ती ‘वाहक’ ठरते व बहुधा निरोगी दिसते. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात धोका नव्याने 25 टक्के असतो, आधीच्या मुलावरून तो वाढत नाही किंवा फिटतही नाही. मामेबहिणीशी विवाहाची रीत, आणि नाते ठाऊक नसतानाही पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत होणारी लग्ने, यांमुळे एकाच पूर्वजाचे जनुक दोन्ही बाजूंनी येऊन भेटण्याचा संभव वाढतो.

याच नियमाने उतरणारा, पण आजार नसलेला ‘बॉम्बे’ रक्तगट 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणला आणि कोकणातही तो आढळतो. ए आणि बी हे घटक ज्या एच घटकापासून बनतात तोच या व्यक्तींत नसल्याने साध्या तपासणीत त्यांचा गट ओ दिसतो; अशा व्यक्तीकडील ए जनुक मुलात प्रकट झाले, तर ओ गटाच्या म्हणून नोंदलेल्या आईबापांचे मूल ए गटाचे ठरते. अपुऱ्या तपासणीपायी आईच्या चारित्र्यावर संशय यावा, याहून मोठा अन्याय क्वचितच असेल.

डाऊन सिंड्रोमची गोष्ट वेगळी आहे. जेरोम लेझन यांनी 1959 मध्ये दाखविल्याप्रमाणे या मुलांच्या पेशींत 21 व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, आणि बहुतेक वेळा ही चूक बीजपेशी तयार होताना केवळ योगायोगाने घडते. आईच्या वयाबरोबर तिचा संभव वाढतो, पण म्हणून तो कोणाचा अपराध होत नाही. थोड्या मुलांत मात्र जादा भाग दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेला असतो आणि निरोगी आई किंवा निरोगी वडिलांकडून तो येऊ शकतो. म्हणून पुढील गर्भारपणाआधी मुलाच्या गुणसूत्रांची तपासणी होणे अगत्याचे आहे.

अशा वेळी आनुवंशिकीचे समुपदेशक जो कुलतक्ता काढतात त्यात पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, नात्यातील विवाहासाठी दुहेरी रेघ असते, आणि आईच्या आणि वडिलांच्या अशा दोन्ही घराण्यांना सारखीच जागा मिळते. कोणत्या घरी कोणते मूल फिकट पडत जाऊन दगावले, कोणाचे लग्न नात्यातच झाले, हे सातबाऱ्यावर नसते. ते आजी, आत्या आणि मावशी यांना ठाऊक असते, आणि तपासणीच्या खोलीत आईबापांबरोबर त्यांनाही बसवून विचारले, तर तो तक्ता पुष्कळ भरतो.